बुधवारी पाणी येणार का?

सप्टेंबर संपत आला की वसमतच्या मोंढ्यात, एसटी स्टँडवर आणि शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा एकच प्रश्न कानावर येतो : "सर, बुधवारी पाणी येणार का?" आमच्याकडे पावसाला पाणीच म्हणतात. विचारणारा बहुधा एखाद्या विद्यार्थ्याचा वडील असतो. त्याचे सोयाबीन काढणीला आलेले असते आणि मजुरांची टोळी नेमकी बुधवारची मिळालेली असते. कापलेले सोयाबीन दोन-तीन दिवस उन्हात वाळावे लागते. मग सुडी, मग मळणी. मधल्या दिवसांत पाणी आले तर शेंगेतच कोंब फुटतात. पाण्याच्या भीतीने कापणी लांबवली तर शेंगा झाडावरच तडकून दाणे मातीत जातात. शेजारच्या वावरात हळद उभी असते. तिला ओल हवी असते, पण बुडाशी साचलेले पाणी नको असते, कारण त्याने कंद कुजतो.

हा प्रश्न, तेव्हा, नुसत्या कुतूहलाचा नाही. आम्ही विज्ञान शिकवणारे. आमच्याकडे उत्तर असावे अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. आम्ही वर्तमानपत्रातला किंवा मोबाइलवरचा अंदाज वाचून दाखवतो. तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "ते ठीक आहे सर, पण आपल्याकडं येणार का?"

या दुसऱ्या प्रश्नाने आम्हाला विचारात पाडले. पुस्तकाचे परीक्षण करताना आपण जे विचारतो तेच हवामानाच्या अंदाजाबाबत विचारून पाहावे असे वाटले. हा मजकूर कोणासाठी लिहिला आहे? त्यातील शब्दांना निश्चित अर्थ आहे का? तो खरा ठरला की खोटा, हे नंतर तपासता येते का?

सहाशे किलोमीटरांचा प्रवास

आधी विज्ञानाच्या बाजूने न्याय करू. शरद ऋतूत आमच्याकडे येणारा मोठा पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरातून येतो. तिथे कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत येते आणि पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे सरकते. आंध्रातील काकिनाडा वसमतपासून सरळ रेषेत सुमारे सहाशे किलोमीटर आहे. असे क्षेत्र ताशी पंधरा ते वीस किलोमीटर वेगाने सरकले, तर त्याला आपल्या परिसरात यायला तीस ते चाळीस तास लागतील. रविवारी रात्री किनाऱ्यावर असलेल्या क्षेत्राचा प्रभाव मंगळवारी जाणवू लागेल. हे गणित सातवीतला विद्यार्थीही करू शकतो. उपग्रह, रडार आणि संगणकी प्रारूपे यांमुळे किनाऱ्यावरचे क्षेत्र कुठे आहे हे आज सर्वांना दिसते. ते येत आहे हे सांगणे आता तितकेसे अवघड राहिलेले नाही.

अवघड आहे ते कोणत्या वाटेने जाणार हे सांगणे. दोन उदाहरणे घेऊ.

१३ ऑक्टोबर २०२० रोजी, मंगळवारी सकाळी, एका अतितीव्र न्यूनदाबाने काकिनाड्याजवळ किनारा ओलांडला. तो तेलंगणातून पश्चिमेकडे सरकला. त्या रात्री हैदराबाद पाण्याखाली गेले. बुधवारी, १४ तारखेला, पावसाचा मुख्य जोर सोलापूर, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) आणि पुण्याच्या दिशेने गेला. सोलापूर वसमतपासून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटर आहे. म्हणजे व्यवस्थेचे केंद्र आपल्या दक्षिणेकडून गेले.

दुसरे उदाहरण 'गुलाब' चक्रीवादळाचे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी, रविवारी संध्याकाळी, त्याने आंध्रच्या उत्तर भागात कलिंगपट्टणमजवळ किनारा ओलांडला. जमिनीवर आल्यावर ते दुबळे होत गेले. मंगळवारी, २८ तारखेला सकाळी, त्याचा अवशेष पश्चिम विदर्भाच्या परिसरात, म्हणजे आपल्या उत्तरेकडे होता. त्या सोमवारी-मंगळवारी मराठवाड्यात अनेक ठिकाणी प्रचंड पाऊस झाला आणि मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. पुढे हाच अवशेष गुजरात ओलांडून अरबी समुद्रात गेला, तिथे पुन्हा बळावला आणि 'शाहीन' या नावाने ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर धडकला.

दोन्ही व्यवस्था एकाच समुद्रातून आणि एकाच दिशेने आल्या. एक दक्षिणेकडून गेली, दुसरी उत्तरेकडून. पावसाळ्यात वायव्येकडे सरकणाऱ्या न्यूनदाबाचा जोरदार पाऊस बहुधा त्याच्या वाटेच्या डाव्या हाताला, म्हणजे नैर्ऋत्य भागात पडतो. त्यामुळे केंद्र आपल्या उत्तरेकडून जाणे आणि दक्षिणेकडून जाणे यांत सोयाबीनच्या दृष्टीने फार अंतर पडते. चक्रीवादळाच्या केंद्राची जागा चोवीस तास आधी सांगताना आजही सरासरी काही दशक किलोमीटरांची चूक राहते. दोन-तीन दिवस आधी ती आणखी वाढते. ही चूक शास्त्रज्ञांच्या आळसाची नाही. वातावरणाच्या स्वभावाची आहे. आमची तक्रार तिच्याबद्दल नाहीच.

एका वाक्याची चिरफाड

आमची तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. शास्त्रज्ञाला जे जितके कळले आहे, ते तितकेच्या तितके शेतकऱ्यापर्यंत पोचते का? नेहमीच्या धाटणीचे एक वाक्य घेऊ : 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.' वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि मुलांना एकेका शब्दाचा अर्थ विचारावा.

'मराठवाड्यात' म्हणजे आठ जिल्हे. बीड जिल्ह्यातील आष्टीपासून नांदेड जिल्ह्यातील किनवटपर्यंत तीनशे किलोमीटरांहून अधिक लांबी.

'तुरळक ठिकाणी' हा शब्द ऐकून आपल्याला वाटते, कुठेतरी चार थेंब. हवामानशास्त्रात त्याचा अर्थ ठरलेला आहे : त्या विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि त्याहून अधिक असेल तर 'बहुतेक ठिकाणी'. हा शब्द किती जागी पाऊस पडेल एवढेच सांगतो. किती पडेल याच्याशी त्याचा संबंध नाही. तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस पडू शकतो, आणि ज्याच्या वावरात तो पडतो त्याच्यासाठी तो तुरळक नसतो.

'हलका ते मध्यम' पाहू. हलका म्हणजे चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर, मध्यम म्हणजे १५.६ ते ६४.४ मिलिमीटर. दोन्ही एकत्र केले की खालची आणि वरची मर्यादा यांत पंचवीस पटींचा फरक पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एकर साधारण चार हजार चौरस मीटरचा. म्हणजे हे वाक्य एकरी दहा हजार लिटरलाही लागू पडते आणि अडीच लाख लिटरलाही! पहिल्यात कापलेले सोयाबीन उलटेपालटे करून वाळवता येते. दुसऱ्यात ते पाण्यावर तरंगते.

'शक्यता' किती? दहात दोन की दहात आठ? वाक्य गप्प आहे.

आणखी एक बाब. हवामानखात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आणि अंदाजाचा दिवसही सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात. मंगळवारी रात्री बारानंतर कोसळलेला पाऊस शेतकऱ्याच्या लेखी बुधवारचा, अंदाजाच्या लेखी मंगळवारचा. दोघेही खरे बोलतात, आणि तरी "अंदाज चुकला" असा बोभाटा होतो.

या सर्व व्याख्या गुप्त नाहीत. त्या खात्याच्या पत्रकांत दिलेल्या असतात. पण पत्रकापासून बातमीपर्यंतच्या वाटेत त्या गळून पडतात आणि लोकांपर्यंत नुसते शब्द येतात.

बातमीतले शब्द

बातमी तर कधीकधी शब्दही बदलते. 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा' हे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. पट्टा हा लांबट असतो, क्षेत्र हे साधारण गोलाकार, आपल्याभोवती वारे फिरवणारे. नकाशावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टा म्हणून ज्याने ऐकले तो त्याचे केंद्र कुठे हा प्रश्न विचारणारच नाही, आणि आपण वर पाहिले की सगळे काही केंद्राच्या वाटेवर अवलंबून आहे.

'परतीचा पाऊस' हाही असाच शब्द. नैर्ऋत्य मोसमी वारे मराठवाड्यातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातात. पण ऑक्टोबरात पडणाऱ्या प्रत्येक पावसाला परतीचा म्हटले की त्याचे कारण शोधण्याची गरजच उरत नाही. दुपारी तापून संध्याकाळी गडगडणारा स्थानिक पाऊस आणि सहाशे किलोमीटरांवरून चालत येणारी व्यवस्था यांची पूर्वसूचना वेगवेगळ्या प्रकारे मिळते. पहिल्यासाठी काही तासच हाती असतात, दुसऱ्यासाठी दोन दिवस.

'अतिवृष्टी'ची गोष्ट निराळी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला की शासनाच्या लेखी ती अतिवृष्टी. हवामानशास्त्राच्या मोजपट्टीवर मात्र ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर हा नुसता मुसळधार, ११५.६ ते २०४.४ हा अतिमुसळधार आणि त्यापुढे आणखी एक पायरी. म्हणजे ७० मिलिमीटर पाऊस तहसीलच्या नोंदीत अतिवृष्टी आणि हवामानाच्या पत्रकात मुसळधारची खालची बाजू. नुकसानभरपाईचा प्रश्न निघाला की या दोन शब्दांतील अंतर शेतकऱ्याला चांगलेच कळते. शाळेत मात्र ते कोणी शिकवत नाही.

रंगांचेही तसेच. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. सोपे आणि चांगले. पण रंग ठरवताना दोन गोष्टी एकत्र केलेल्या असतात : परिणाम किती मोठा आणि तो घडण्याची शक्यता किती. मोठे संकट पण शक्यता थोडी, यालाही पिवळा रंग मिळू शकतो. लहान त्रास पण शक्यता मोठी, यालाही पिवळाच. विजेपासून माणूस वाचवायला हा रंग उपयोगी आहे. सोयाबीन बुधवारी कापावे की शनिवारी, हे त्यावरून ठरवता येत नाही.

२४ ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवर अंदाज देणे सुरू झाले आहे. २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटर जाळीचे नवे भारतीय प्रारूपही वापरात आले. या प्रगतीचे स्वागतच आहे. पण जाळी बारीक झाली म्हणून भाषा आपोआप बारीक होत नाही. गावाच्या नावापुढे 'पावसाची शक्यता' एवढेच असेल, तर गाव जवळ आले, उत्तर तितकेच लांब राहिले.

कधीच न चुकणारा अंदाज

आता दुसरी बाजू. मोबाइलवर फिरणारे खासगी अंदाज आमच्या भागात फार लोकप्रिय आहेत. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत भाग बदलत पाऊस पडेल', अशी त्यांची धाटणी असते. त्यांना हसणे सोपे आहे. पण लोक ते का ऐकतात हेही पाहावे. ते शेतकऱ्याच्या बोलीत असतात, सोयाबीन झाकून ठेवा असे थेट सांगतात, तारखा देतात. यातील भाषेचा गुण अधिकृत अंदाजाने घेण्यासारखा आहे.

दोष मात्र मुळातला आहे. आठ-नऊ दिवसांचा अवधी आणि 'भाग बदलत' ही सवलत घेतली की अंदाज खोटा ठरण्याची सोयच राहत नाही. तुमच्याकडे पडला तर खरा. नाही पडला तर भाग बदलला. विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थांबून मुलांना विचारावे : काय घडले असते तर हा अंदाज चुकला असे आपण म्हणालो असतो? याचे उत्तर देता येत नसेल, तर तो अंदाज नव्हे. आणि हाच निकष अधिकृत अंदाजालाही लावावा. 'तुरळक ठिकाणी शक्यता' हे वाक्य वसमतपुरते पाहिले, तर तेही फारसे वेगळे नाही.

९६.६ टक्के बरोबर!

अंदाज बरोबर ठरतात की नाही, हे आपण बहुधा आठवणीवर ठरवतो. आठवण पक्षपाती असते. ज्या वेळी सोयाबीन भिजले तेवढीच लक्षात राहते. म्हणून नोंद हवी. पण नोंदीचा हिशेबही जपून करावा लागतो. याबाबत १८८४ सालची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेत जॉन फिन्ली यांनी त्या वर्षी टोर्नेडो वादळे होतील की नाही याचे २,८०३ अंदाज वर्तवले. त्यांपैकी २,७०८ बरोबर आले, म्हणजे ९६.६ टक्के. लगेच टीकाकारांनी दाखवून दिले की प्रत्येक वेळी डोळे मिटून 'वादळ होणार नाही' असे सांगितले असते, तर ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली असती! कारण वादळे झाली होती फक्त ५१ वेळा. त्यांतली २८ फिन्ली यांनी आधी सांगितली होती, २३ निसटली आणि ७२ वेळा त्यांनी सांगूनही वादळ झाले नाही. त्यांचे काम निरर्थक होते असे नाही. ५१ पैकी २८ आधी ओळखणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण तिचे मोल 'टक्के बरोबर' या आकड्यात दिसत नव्हते.

आमच्याकडेही ऑक्टोबरातले बहुतेक दिवस कोरडे असतात. रोज 'पाऊस नाही' म्हणणारा मनुष्य महिनाअखेर मोठा जाणकार ठरेल, आणि ज्या बुधवारी त्याची गरज होती नेमका त्याच बुधवारी तो चुकलेला असेल. म्हणून नोंदवहीत चार रकाने करावेत : सांगितला आणि पडला; सांगितला पण पडला नाही; सांगितला नाही पण पडला; सांगितला नाही आणि पडलाही नाही. अंदाजाची खरी परीक्षा पहिल्या तीन रकान्यांत होते.

चुकण्याची किंमतही दोन्हीकडे सारखी नसते. समजा (आकडे केवळ उदाहरणाचे) सुडी ताडपत्रीने झाकायला मजुरीसह २,००० रुपये लागतात आणि न झाकता भिजली तर १०,००० रुपयांचे नुकसान होते. मग पावसाची शक्यता २० टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर झाकणेच शहाणपणाचे. हळदवाल्याला चर काढायला वेगळा खर्च येतो, त्याचा आकडा वेगळा. एकच अंदाज, दोन शेतकरी, दोन निर्णय. आणि दोन्ही बरोबर. मात्र त्यासाठी 'शक्यता' या शब्दापुढे आकडा हवा. आमची मुख्य मागणी एवढीच आहे. तो आकडा दिला म्हणजे अंदाज चुकण्याचे थांबेल असे नाही. पण निर्णय शेतकऱ्याच्या हाती येईल.

शाळेत काय करता येईल?

आकडा मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढील पाच दिवसांचा हवामान अंदाज व शेतीचा सल्ला देते. मंगळवारचे पत्रक शाळेच्या फलकावर लावावे आणि त्यातील प्रत्येक शब्दाखाली त्याचा आकड्यांतील अर्थ मुलांकडून लिहून घ्यावा. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहावा आणि चार रकान्यांची वही भरावी.

वाराही पाहावा. १८५७ साली डच शास्त्रज्ञ बाईज बॅलट यांनी एक नियम मांडला : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाब डाव्या हाताला असतो. जमिनीच्या घर्षणामुळे तो किंचित पुढच्या बाजूला सरकतो एवढेच. बंगालच्या उपसागरातून व्यवस्था येत असताना वसमतला वारा ईशान्येकडून पूर्वेकडे आणि मग आग्नेयेकडे वळत गेला, तर केंद्र आपल्या दक्षिणेकडून जात आहे. तो वायव्येकडून पश्चिमेकडे आणि मग नैर्ऋत्येकडे वळला, तर केंद्र उत्तरेकडून जात आहे, सावध व्हावे. जवळच्या गडगडाटी ढगातून सुटणारा वारा फसवतो, म्हणून शक्य तेव्हा खालच्या ढगांची दिशाही पाहावी.

वायुभारमापक असेल तर त्याची नोंद रोज एकाच वेळी घ्यावी. आपल्याकडे हवेचा दाब दिवसातून दोनदा आपोआप चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास अधिक, दुपारी चारच्या सुमारास कमी. सकाळ आणि दुपार यांची तुलना करणाऱ्याला रोजच वादळ येत असल्याचा भास होईल! काल दहा वाजता किती आणि आज दहा वाजता किती, हेच पाहावे.

यातून वसमतचे विद्यार्थी हवामानखात्याला मागे टाकतील असा आमचा दावा नाही. पण एक हंगाम वही भरली, की 'शक्यता' हा शब्द ऐकून "किती?" असे विचारण्याची सवय त्यांना लागेल. मग व्हरांड्यात पुन्हा तो प्रश्न आला, तर आम्ही सांगू : "सोमवारी संध्याकाळी एकदा येऊन जा. वारा कुठे वळतो ते पाहू, मंगळवारचे पत्रक वाचू. ताडपत्री मात्र आजच उसनी आणून ठेवा." हे 'हो' किंवा 'नाही' इतके सुटसुटीत उत्तर नाही. पण आमच्या माहितीइतकेच ते आहे, आणि चुकले तर कुठे चुकले हे आम्हाला वहीत दाखवता येईल.